त्या चौकटीत वेळेचा रकाना हवा होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या सर्वांत भीषण ज्वालामुखी उद्रेकांची आणि त्सुनामींची चौकट छापून आली. वर्ष, ठिकाण आणि मृतांची संख्या, असे तीन रकाने. शेजारची सातवीतली मुलगी ती कापून वहीत चिकटवून माझ्याकडे घेऊन आली. आकडे बरोबर आहेत का बघा, एवढेच तिचे म्हणणे. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या मृतांविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि २००४ साली समुद्राने नक्की किती माणसे नेली हे कोणालाही कधीच नेमके सांगता येणार नाही. पण ती चौकट वरपासून खालपर्यंत वाचताना मनावर एकच ठसा उमटतो: डोंगर जेवढ्या जोराने फुटला, लाट जेवढी उंच आली, तेवढी माणसे मेली. तसे घडलेले नाही, आणि ते मुलांच्या मनात तसे बसू नये म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी निवृत्त होईपर्यंत दापोली तालुक्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला. पत्र लांबले आहे, पण जागा द्यावी.

त्या चौकटीत चौथा रकाना हवा होता. पहिली खूण दिसली तेव्हापासून माणसे मरेपर्यंत हातात वेळ किती होता, हा.

इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीपासून सुरुवात करा. १८८३ च्या २७ ऑगस्टला त्याचा शेवटचा स्फोट झाला, त्याचा आवाज जवळजवळ पावणेपाच हजार किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. ३६ हजारांहून जास्त माणसे मेली. त्यातली बहुतेक राखेने किंवा आगीने मेलेली नाहीत, जावा आणि सुमात्राच्या किनाऱ्यावर चढलेल्या लाटांनी मेली. पण क्राकाटोआ मे महिन्यापासूनच जागा झाला होता. तीन महिने. मार्तिनिक बेटावरचे सेंट पियेर शहर ८ मे १९०२ रोजी सकाळी आठच्या सुमारास काही मिनिटांत जळून गेले, सुमारे २८ हजार माणसांसकट. तिथला माँ पेले ज्वालामुखी एप्रिलपासून धुमसत होता, रस्त्यांवर राख पडत होती, ५ मे रोजी चिखलाच्या लोंढ्याने एक साखर कारखाना आतल्या माणसांसह गाडला होता. आणि शहरातले 'ले कोलोनी' हे वर्तमानपत्र लोकांना धीर देत होते की घाबरण्याचे कारण नाही. वर्तमानपत्राच्या संपादकांना लिहिताना ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. वेळेच्या या रकान्यात वर्तमानपत्रांचाही वाटा असतो.

आर्मेरोबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे.

आर्मेरो हे कोलंबियातले भात आणि कापूस पिकवणारे शहर होते, वस्ती सुमारे २९ हजार. नेवादो देल रुइझ हा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी नदीच्या वाटेने तिथून सत्तरेक किलोमीटर लांब. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास त्याचा उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या हिशेबात उद्रेक लहानच होता. तापलेल्या राखेने आणि दगडांनी शिखरावरचा बर्फ वितळवला, तोही सगळा नाही, दहावा हिस्सा. ते पाणी दऱ्यांतून खाली येताना वाटेतली माती, राख, दगड, झाडे उचलत गेले आणि फुगत गेले. शहरात पोचले तेव्हा ते पाणी राहिले नव्हते, ओल्या काँक्रीटसारखा घट्ट चिखल होता. पोचायची वेळ रात्रीचे साडेअकरा. म्हणजे मधले अडीच तास. लोक घरात झोपले होते. आर्मेरोत वीस हजारांच्या आसपास माणसे मेली, सगळ्या खोऱ्यात मिळून तेवीस हजार.

कोणाला कल्पना नव्हती म्हणून हे झाले असते, तर दैव म्हणून गप्प बसता आले असते. पण त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या भूशास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार करून सरकारला दिला होता आणि त्या नकाशात आर्मेरो चिखलाच्या वाटेत दाखवले होते. त्याच जागेवरून १५९५ मध्ये आणि १८४५ मध्ये असेच लोंढे गेले होते, त्याच्या नोंदी होत्या. शहर त्या जुन्या, वाळलेल्या चिखलावरच वसले होते. त्या दिवशी दुपारीच राख पडू लागली, तेव्हा लोकांना घरात शांत राहा असे सांगण्यात आले. रात्री वादळी पाऊस, वीज गेलेली. वर डोंगरावर उद्रेक पाहणारी माणसे होती, खाली माणसे होती, मध्ये निरोप पोचला नाही. सुरक्षित उंचवटा शहरापासून पायी जाण्याइतका जवळ होता.

ओमायरा सांचेझ या तेरा वर्षांच्या मुलीचा फोटो आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. कोसळलेल्या घराच्या मलब्यात पाय अडकलेली, गळ्यापर्यंत पाण्यात, काळे पडलेले डोळे. तिला बाहेर काढायला पंप हवा होता, तो वेळेत आला नाही. सुमारे साठ तासांनी ती गेली. त्या फोटोला जगातला मोठा पुरस्कार मिळाला. मी शाळेत तो कधी दाखवला नाही. दाखवावासा वाटला तो धोक्याचा नकाशा. तो हाती असूनही वीस हजार माणसे मेली, हे मुलांना सांगितले की वर्ग गप्प व्हायचा, मग एखादा हात वर यायचा: "बाई, मग सांगितलं का नाही कोणी?" भूगोलाच्या तासाला याच्याहून चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न पुढे झालाही. आर्मेरोनंतर १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दुसऱ्या देशांत धावून जाणारे ज्वालामुखीतज्ज्ञांचे पथक उभे केले. मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञाने चिखलाचे लोंढे आणि तापलेल्या राखेचे ढग माणसांचे काय करतात याची चित्रफीत बनवली. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो जागा झाला, तेव्हा ती चित्रफीत गावागावांत आणि अधिकाऱ्यांना दाखवली गेली. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी टप्प्याटप्प्याने इशारे दिले, हजारो कुटुंबे हलवली. १५ जूनला जो उद्रेक झाला तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी होता, आर्मेरोच्या उद्रेकाहून कितीतरी मोठा. मृत्यू साडेआठशेच्या घरात. त्यातले बरेच वादळी पावसाने भिजून जड झालेल्या राखेखाली छपरे कोसळून झाले, आणि नंतर छावण्यांमध्ये आएता आदिवासींची मुले गोवराने गेली, हेही लिहायला हवे, कारण आपत्ती त्या एका दिवशी संपत नाही. स्वतः मॉरिस आणि त्याची पत्नी कातिया दोघेही त्याआधी बारा दिवस, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मरण पावले होते. पिनातुबोच्या पायथ्याशी किती माणसे वाचली हे त्यांना कळले नाही. आपल्या चौकटीत पिनातुबो नाही. मेलेल्यांच्या संख्येवर यादी केली की वाचलेल्यांची जागा तीत नसते.

आता २००४ कडे येते. २६ डिसेंबर, रविवार. आपल्या घड्याळात सकाळी साडेसहा वाजायच्या सुमारास सुमात्रापाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्रतळाची बारा-तेराशे किलोमीटर लांबीची पट्टी फाटली. कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर लाटा लवकरच चढल्या आणि शंभरावर माणसे गेली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट साधारण दोन-सव्वादोन तासांनी पोचली. नागपट्टिनम या एका जिल्ह्यातच सहा हजारांहून जास्त माणसे मेली. दिल्लीत इशाऱ्याचा फॅक्स त्या वेळच्या मंत्र्यांऐवजी आधीच्या मंत्र्यांच्या घरी गेला, असे तेव्हा वर्तमानपत्रांतूनच छापून आले होते. रकान्यात लिहा: दोन तास.

त्या मृतांमध्ये आणखी एक हिशेब आहे आणि तो मला झोपू देत नाही. ऑक्सफॅम या संस्थेने तीन महिन्यांनी जी पाहणी प्रसिद्ध केली तीत कडलूर जिल्ह्यात १४६ पुरुष आणि ३९१ बायका मेल्याची नोंद आहे. कारण साधे आहे. पुरुष होड्या घेऊन समुद्रात होते. खोल पाण्यात त्सुनामी होडीखालून निघून जाते आणि खलाशाला कळतही नाही, कारण तिथे तिचा वेग विमानाएवढा असला तरी उंची अगदी थोडी असते. ती उठते किनाऱ्याशी, पाणी उथळ झाल्यावर. आणि किनाऱ्यावर कोण उभे होते? होड्या परतायची वाट पाहणाऱ्या, मासळी उतरवून घेऊन विकायला नेणाऱ्या बायका. अंगावर लुगडी, साड्या, काखेला मूल. पोहायला कोणी शिकवलेले नाही.

मी कोळ्याच्या घरातली आहे. माझी आई हर्णै बंदरावर मासळी घेऊन दापोलीला विकायला यायची. हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको: मचवे थोडे आत उभे, माल छोट्या होड्यांतून नाहीतर बैलगाड्यांतून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, येतो, आणि पुळणीवर शेकडो माणसे, त्यात बायका अधिक. पाट्या, बर्फ, टेम्पो, पर्यटक, पोरे. कडलूरचे ते दोन आकडे वाचले तेव्हा मला तमिळनाडू दिसला नाही, ही पुळण दिसली.

पण त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर, पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू नावाच्या कोळ्यांच्या गावात एकही माणूस मेले नाही. त्या गावचा एक तरुण सिंगापूरला कामाला होता. त्याने टीव्हीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावात एम. एस. स्वामिनाथन प्रतिष्ठानाच्या मदतीने चालवलेले माहिती केंद्र होते, आणि केंद्राला भोंगा होता. रोज त्या भोंग्यावरून लाटांची उंची, वाऱ्याचा अंदाज, बाजारभाव सांगितले जायचे. लोकांनी दार उघडून भोंग्यावर पळा पळा अशी हाक दिली. साडेतीन हजारांहून जास्त वस्तीचे गाव निघाले. होड्या गेल्या, जाळी गेली, घरांचे नुकसान झाले, माणसे राहिली. तो भोंगा रोजच्या कामाचा होता म्हणून त्या दिवशी चालू होता आणि लोकांना त्याचा आवाज ओळखीचा होता. वर्षातून एकदा वाजणाऱ्या सायरनवर माणूस विश्वास ठेवत नाही.

यंत्रांना मी कमी लेखत नाही. हैदराबादच्या इन्कॉईस या संस्थेत २००७ पासून आपले त्सुनामी इशारा केंद्र आहे, भूकंप झाल्यावर काही मिनिटांत ते इशारा काढते, आणि ते उत्तम काम आहे. पण हैदराबादहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला गेलेला निरोप पुळणीवर पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत कोण नेणार, हे शेवटचे पाऊल उपग्रहाचे नाही. आणि प्रत्येक वेळी यंत्राला कळेलच असे नाही. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री क्राकाटोआच्याच जागी वर आलेल्या अनाक क्राकाटोआचा एक कडा समुद्रात कोसळला. इशारा द्यावा असा भूकंप झालाच नव्हता. लाट किनाऱ्यावर चढली आणि तिथल्या संस्थेने आधी सांगितले की ही भरती आहे. चारशेहून जास्त माणसे गेली.

वेळच नसेल तर? सुमात्राच्या जवळच सिमेउलुए नावाचे बेट आहे. २००४ चा भूकंप त्याच्या अगदी शेजारी झाला, लाट दहा मिनिटांच्या आसपास पोचली. बेटावर ७८ हजार वस्ती, मेले सात. तिथे कुठलेही यंत्र नव्हते. १९०७ साली तिथे मोठी लाट आली होती आणि खूप माणसे मेली होती. तेव्हापासून आज्या-आजोबांनी नातवंडांना गोष्टींतून आणि गाण्यांतून सांगितले: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की काही घेऊ नका, टेकडीवर जा. सत्त्याण्णव वर्षे ती गोष्ट टिकली.

आमच्याकडे काय टिकले? आम्हालाही एक पहाट सांगण्यासारखी आहे. २८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. पस्नी आणि ओरमारा ही किनाऱ्यावरची गावे उद्ध्वस्त झाली. एकूण मृत्यू चार हजार असे जागोजागी छापले जाते, पण अलीकडे अभ्यासकांना हा आकडा फार फुगलेला वाटतो, त्यांच्या मते ते काही शेकड्यांत असावेत. त्याच लाटा कच्छला, आणि पुढे सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोचल्या. वर्सोवा, जुहू, खारदांडा, हाजी अली. उंची सुमारे दोन मीटर. नांगरलेल्या होड्या सुटून गेल्या आणि पंधरा माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. चौकटीत हे कोठेच येणार नाही, कारण पंधरा हा आकडा जगाच्या यादीत बसत नाही. पण वेळेच्या रकान्यात पाहा: भूकंपापासून मुंबईपर्यंत साडेचार तासांहून जास्त. एवढ्या वेळात वर्सोव्याचा माणूस चालत अंधेरी स्टेशनला जाऊन परत आला असता. कोणी सांगितले नाही, कारण सांगणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. आज ती आहे. म्हणून आज कोणी गेले तर ते कारण चालणार नाही.

आमच्या बाजूच्या जुन्या माणसांना मी त्या पहाटेबद्दल विचारले आहे. कोणाच्या आठवणीत नाही, कोणाच्या आईवडिलांनी सांगितलेले नाही. कोळीवाड्यात वादळांच्या कितीतरी गोष्टी आहेत, बुडालेल्या मचव्यांची नावे आहेत, नारळी पौर्णिमेची गाणी आहेत. ही गोष्ट मात्र आमच्यापर्यंत आली नाही. शाळेच्या पुस्तकात मकरान नाही. टीपा लिहा, त्सुनामी, असा प्रश्न येतो, मुले जपानचे नाव लिहितात, भूपट्टाची आकृती काढतात, गुण मिळवतात. तुझ्या घरापासून सड्यावर, म्हणजे वरच्या उंच माळावर, चढायला कोणती पाखाडी (पायऱ्यांची वाट) जवळची, आणि म्हातारीला घेऊन किती वेळ लागेल, हे कोणी विचारत नाही.

सगळे इशारे आता मोबाइलवर येतात, म्हणून निर्धास्त राहा असे मला सांगितले जाते. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेले. वादळ येणार हे आधी कळले होते, लोक हलवले गेले, त्यामुळे माणसे वाचली, याबद्दल प्रशासनाचे आभार मानायलाच हवेत. पण वादळ उतरल्यावर खांब आडवे, मनोरे बंद, कित्येक दिवस वाडीवरून वाडीला निरोप द्यायला पोराला पायी पाठवावे लागत होते. त्यात दुसरे संकट आले असते तर मोबाइल हातात धरून बसलो असतो. भूकंपाच्या वेळीही वीज पहिली जाते. आर्मेरोत तेच झाले होते.

यावर एका कार्यालयात मी लेखी अर्ज दिला होता. कोकणात त्सुनामीचा धोका कमी असल्याने विषय प्राधान्याचा नाही, असे उत्तर आले. धोका कमी आहे हे मलाही मान्य आहे. पूर्व किनाऱ्याइतका तो नाही. १९४५ नंतर आमच्या बाजूला तशी लाट आलेली नाही. पण मकरानचा तो सांधा तसाच आहे, ताण साठतो आहे, आणि १९४५ मध्ये किनाऱ्यावर एवढी वस्ती, एवढी हॉटेले, पुळणीवर एवढे पर्यटक नव्हते. शिवाय मी मागते आहे ते काही कोटींचे धरण नाही. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातले व्यंकटरायपूर आणि जगतसिंहपूर जिल्ह्यातले नोलियासाही या गावांनी युनेस्कोच्या महासागर आयोगाचे निकष पूर्ण करून २०२० मध्ये त्सुनामीसाठी सज्ज गाव अशी मान्यता मिळवली. २०२४ मध्ये तिथली आणखी चोवीस गावे त्या यादीत गेली. धोक्याच्या पातळीचा नकाशा, वाटेवर पाट्या, कोण कोणाला उचलून नेणार याची यादी, ठरलेल्या दिवशी सराव. हे सगळे ग्रामसभेत बसून करण्याजोगे आहे. ओडिशाच्या कोळ्यांनी केले ते हर्णै, आंजर्ले, दाभोळ, वेलदूर, जयगडच्या कोळ्यांना येणार नाही असे थोडेच आहे?

माझे म्हणणे एवढेच. प्रत्येक बंदरावर बॅटरीवर चालणारा भोंगा असावा आणि तो रोजच्या कामाला वापरावा: वाऱ्याचा अंदाज, डिझेल, लिलावाची वेळ, हरवलेले पोर. सड्यावर जाणाऱ्या पाखाड्या साफ ठेवाव्यात, मोडलेल्या पायऱ्या बांधाव्यात, आणि खाली पाटी लावावी. कोकणाला देवाने किनाऱ्याला चिकटून उंच जमीन दिली आहे, नागपट्टिनमच्या सपाट किनाऱ्याला ती नव्हती. आणि सराव घ्यायचा तो कार्यालयीन वेळेत, निवडक पुरुषांना टोप्या घालून घेऊ नये. लिलावाच्या वेळी, पुळण भरलेली असताना घ्यावा, बायकांना घेऊन. पाणी एकाएकी ओसरून खडक उघडे पडले तर आमच्याकडची पोरे पहिली धाव घेतील ती कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले वेचायला. ती धाव उलटी कशी वळवायची, ते सरावातच शिकवता येते.

शाळांबद्दल एक गोष्ट लिहून थांबते. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंपानंतर ओकावा प्राथमिक शाळेची मुले सुमारे पन्नास मिनिटे मैदानात रांगा करून उभी होती. शाळेच्या मागेच टेकडी होती. कुठे न्यायचे यावर मोठ्यांचे ठरत नव्हते. १०८ पैकी ७४ मुले गेली, आणि त्यांच्याबरोबरचे एक सोडून सगळे शिक्षक. पालक न्यायालयात गेले आणि शाळेची तयारी अपुरी होती हा निकाल वरच्या न्यायालयापर्यंत टिकला. मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. शंभर मुले समोर, पायाखालची जमीन अजून थरथरते आहे, आणि आधी कधी ठरवलेले नाही, अशा वेळी माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरात गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी कित्येक वर्षे शाळांमध्ये सराव घेतले होते. तिथल्या मोठ्या मुलांनी शेजारच्या शाळेतल्या लहानग्यांचे हात धरले आणि कोणी सांगायची वाट न पाहता पळाली. ठरलेल्या जागी पोचल्यावरही धोका वाटला म्हणून आणखी वर गेली. शाळेत असलेली जवळपास सगळी मुले वाचली. दोन्ही ठिकाणी वेळ होता. माझ्या मागे आलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हा धडा वाचून दाखवू नका. एकदा घंटा देऊन मुलांना घेऊन सड्यावर चढा, घड्याळ लावा, आणि किती मिनिटे लागली ते फळ्यावर लिहा. वर पोचल्यावर तिथला काळा खडक दाखवा. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. आपल्याकडे ज्वालामुखी फुटेल का, असे मुले नेहमी विचारतात. सह्याद्री आता फुटणार नाही हे तिथे उभे राहून सांगा, आणि मग समुद्राकडे बोट दाखवून मकरान कोणत्या दिशेला आहे तेही सांगा.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा चौथा रकाना घाला, आणि त्यात पिनातुबो, सिमेउलुए, नल्लवाडू यांनाही जागा द्या. दुसरी मागणी अशी. वर्सोवा, जुहू, खारदांडा आणि हाजी अलीला १९४५ मध्ये जी पंधरा माणसे वाहून गेली ती कोण होती, हे मला कुठे सापडलेले नाही. बहुधा आमच्यासारखीच कोळ्याची माणसे असतील. नोव्हेंबर-डिसेंबर १९४५ च्या मराठी दैनिकांच्या फायली मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत आहेत. माझे गुडघे आता मुंबईचा जिना चढू देत नाहीत. आपल्या एखाद्या तरुण वार्ताहराला दोन दिवस तिकडे बसवा, नावे मिळाली तर येत्या २८ नोव्हेंबरच्या अंकात छापा. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात त्यांची घरे अजून असतील, त्यांच्याकडेही विचारा. आमच्या किनाऱ्याचा मी केलेला कच्चा नकाशा, पाखाड्या आणि उंचीच्या खुणांसह, या पत्रासोबत जोडला आहे. तो छापण्यायोग्य नसला तरी तालुक्याच्या आपल्या वार्ताहराकडे द्यावा.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
(दापोली तालुका, जि. रत्नागिरी)